इंग्रजी बोलण्याचा ठेका

(बी. ए. भाग २ मधील एक विद्यार्थिनी, एकोडी)

‘तुमचे व्याकरण बरोबर आहे, शब्दही बरोबर आहेत, पण तुम्ही काय बोललात ते कळले नाही.’ इंग्रजी बोलण्याचा प्रयत्न करणाऱ्या आपल्यापैकी पुष्कळांनी हा शेरा कधी ना कधी ऐकला असेल. व्याकरण चुकले असे कुणी म्हटले तर पुस्तक उघडून ते दुरुस्त करता येते. शब्द अडला तर शब्दकोश पाहता येतो. पण सगळे बरोबर असूनही समोरच्याला कळत नाही, तेव्हा दोष कशात शोधावा हेच उमगत नाही. मग आपण त्याचे खापर स्वतःच्या जिभेवर फोडतो. ‘आपण खेड्यातले, आपली जीभ जड, आपल्याला इंग्रजी बोलणे जमायचे नाही,’ असे म्हणून पुष्कळ विद्यार्थी कायमचे गप्प बसतात.

या समजुतीत फारसे तथ्य नाही, असे या विषयावर थोडेफार वाचल्यावर आणि स्वतः प्रयोग करून पाहिल्यावर माझे मत झाले आहे. आपल्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. घरी धानाची शेती. त्यामुळे इंग्रजी कानावर पडले ते शाळेतच. महाराष्ट्रात जून २००० पासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. म्हणजे माझ्या वयाच्या विद्यार्थ्यांनी बारावी होईपर्यंत बारा वर्षे इंग्रजी शिकलेले असते. या बारा वर्षांत आपण अक्षरे शिकलो, शब्दांचे अर्थ पाठ केले, काळ आणि प्रयोग घोकले. एकच गोष्ट राहून गेली. ती म्हणजे इंग्रजी बोलण्याचा ठेका.

भाषाशास्त्राच्या आपल्या पाठ्यपुस्तकात ध्वनींचे दोन प्रकार सांगितलेले आहेत. क, ट, आ, ई असे एकामागून एक सुटे दाखवता येणारे ध्वनी हा एक प्रकार. दुसरा प्रकार ‘खंडाधिष्ठित’ ध्वनींचा. हे सुटे दाखवता येत नाहीत. ते शब्दांवर किंवा वाक्यावर पसरलेले असतात. आघात, सुरावट, लय आणि विराम हे ते चार घटक होत. भजनातले शब्द कागदावर उतरवता येतात, पण चाल उतरत नाही. तसेच हे आहे. छापील इंग्रजीत चाल दिसत नाही, म्हणून ती शिकायची असते हेच आपल्या ध्यानात येत नाही.

प्रथम आघात पाहू. इंग्रजीतल्या एकाहून अधिक अक्षरांच्या शब्दात एका अक्षरावर विशेष जोर असतो. (येथे ‘अक्षर’ म्हणजे एका स्वरासह एका दमात उच्चारला जाणारा शब्दाचा तुकडा, असे समजावे.) ते अक्षर थोडे मोठ्याने, थोडे लांबवून, चढ्या सुरात आणि स्पष्ट स्वरात म्हटले जाते. बाकीची अक्षरे आखडतात. ‘फोटोग्राफ’ या शब्दात जोर पहिल्या अक्षरावर आहे. त्याचाच ‘फोटोग्राफर’ झाला की जोर दुसऱ्या अक्षरावर जातो आणि उच्चार ‘फटॉग्रफर’ असा ऐकू येतो. ‘फोटोग्राफिक’ म्हणताना जोर तिसऱ्या अक्षरावर येतो. आपण तिन्ही शब्द सारख्याच वजनाने म्हणतो. म्हणून आपल्याला वाटते की शब्द एकच आहे आणि फक्त शेपूट बदलले. इंग्रजी ऐकणाऱ्याच्या कानाला मात्र ते तीन वेगळे आकार आहेत.

आपल्या कला शाखेच्या विषयांचीच नावे घेऊ. ‘हिस्टरी’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, ‘हिस्टॉरिकल’मध्ये दुसऱ्यावर. ‘इकॉनॉमी’मध्ये दुसऱ्यावर, ‘इकॉनॉमिक्स’मध्ये तिसऱ्यावर. ‘जिऑग्रफी’मध्ये दुसऱ्यावर, ‘जिऑग्राफिकल’मध्ये तिसऱ्यावर. ‘पॉलिटिक्स’मध्ये पहिल्यावर, ‘पोलिटिकल’मध्ये दुसऱ्यावर, आणि ‘पॉलिटिशियन’मध्ये तिसऱ्यावर. वरवर पाहता यात काही शिस्त दिसत नाही. प्रत्यक्षात ती बरीच आहे. ‘इक’, ‘इकल’, ‘शन’ आणि ‘इटी’ या शेवटांच्या शब्दांत जोर त्या शेवटाच्या लगेच आधीच्या अक्षरावर पडतो. ‘एज्युकेशन’मध्ये तो ‘के’वर आहे, ‘एक्झामिनेशन’मध्ये ‘ने’वर आणि ‘युनिव्हर्सिटी’मध्ये ‘व्हर्’वर. अपवाद आहेत आणि त्यांतला एक म्हणजे आपला ‘पॉलिटिक्स’च. पण चार नियम आणि काही अपवाद एवढे पाठ करणे आपल्याला अवघड नाही. संस्कृतची रूपे आपण याहून कष्टाने पाठ केली आहेत.

जोराची जागा बदलली की कधी कधी अर्थच बदलतो. ‘रेकॉर्ड’ या शब्दात पहिल्या अक्षरावर जोर दिला तर ते नाम होते, म्हणजे नोंद. दुसऱ्यावर दिला तर ते क्रियापद होते, म्हणजे नोंदवणे. ‘इंग्लिश टीचर’ म्हणताना ‘इंग्लिश’वर जोर दिला तर इंग्रजी विषय शिकवणारे शिक्षक असा अर्थ होतो. ‘टीचर’वर दिला तर इंग्लंड देशाचे शिक्षक असा अर्थ होतो. आमच्या शाळेतले शिक्षक पहिल्या अर्थाने इंग्लिश टीचर होते. पण आम्ही दोन्ही शब्द सारख्याच जोराने म्हणत असू. परका माणूस ऐकत असता तर त्याला ते विलायतेहून आले की काय, असा प्रश्न पडला असता.

हा प्रकार आपल्या देशाला नवा आहे असे मात्र समजू नये. पतंजलीच्या महाभाष्यात ‘इंद्रशत्रु’ या शब्दाची कथा सूचित केलेली आहे. इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून त्वष्ट्याने यज्ञ केला. त्यातील ‘इंद्रशत्रु’ या शब्दाचा स्वर शेवटी असता तर ‘इंद्राला मारणारा’ असा तत्पुरुष समासाचा अर्थ झाला असता. प्रत्यक्षात स्वर आरंभी लागला. त्यामुळे तो बहुव्रीही समास झाला आणि ‘इंद्र ज्याला मारणारा आहे तो’ असा उलटा अर्थ निघाला. परिणामी वृत्र इंद्राकडूनच मारला गेला. वैदिक संस्कृतातला हा स्वर सुराच्या चढउताराचा होता, तर इंग्रजीचा आघात मुख्यतः जोराचा आहे. हा फरक असला तरी तत्त्व एकच आहे. अक्षरे तीच राहतात आणि स्वराची जागा बदलली की अर्थ बदलतो. आजच्या मराठीत शब्दाचा अर्थ अशा रीतीने बदलत नाही. म्हणून आपला कान या गोष्टीकडे लक्ष देण्याचे विसरला आहे.

यानंतर लय. मराठीत आपण जवळजवळ प्रत्येक अक्षराला त्याच्या वाट्याचा वेळ देतो. आपली जुनी वृत्तेही लघू आणि गुरू यांवर, म्हणजे उच्चाराला लागणाऱ्या वेळेवर उभी आहेत. भुजंगप्रयातात एका चरणात बारा अक्षरे येतात आणि त्यांचा लघुगुरुक्रम ठरलेला असतो. माधव जूलियन यांनी ‘छंदोरचना’ या ग्रंथात मराठी पद्यरचनेचा हा सारा पसारा शास्त्रशुद्ध रीतीने मांडला आहे. इंग्रजी कविता मात्र प्रामुख्याने आघात मोजते. शेक्सपिअरच्या नाटकांतल्या नेहमीच्या ओळीत साधारण दहा अक्षरे आणि पाच आघात असतात. आपण ती ओळ लघुगुरूच्या सवयीने वाचतो, आणि मग या कवितेत एवढे कौतुक करण्यासारखे काय आहे, असा प्रश्न पडतो.

बोलण्यातही हेच घडते. ‘फार्मर्स सेल राइस’ हे तीन शब्दांचे वाक्य घ्या. त्यात तीन ठोके आहेत. आता ‘द फार्मर्स हॅव बीन सेलिंग द राइस’ हे वाक्य घ्या. शब्द सात झाले, तरी ठोके तीनच राहिले. ‘द’, ‘हॅव’, ‘बीन’ ही मंडळी ठोक्यांच्या मधल्या जागेत दाटीवाटीने बसतात. रोवणीच्या वेळी एकाच गाडीत चार बाया जास्त बसल्या तर सगळ्याच थोड्या सरकून घेतात, गाडी काही लांब होत नाही. तसेच हे आहे. केनेथ पाइक या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९४५ मध्ये भाषांचे या दृष्टीने दोन प्रकार सांगितले. काही भाषा आघातांच्या ठेक्यावर चालतात आणि काही अक्षरांच्या ठेक्यावर. पुढे यंत्रांनी मोजमाप केल्यावर असे दिसले की इंग्रजीचे आघात घड्याळाप्रमाणे समान अंतरावर पडत नाहीत आणि भाषांची अशी काटेकोर वाटणी करता येत नाही. तरीही बिनजोराचे शब्द आखडून बोलण्याची इंग्रजीची प्रवृत्ती खरीच आहे.

या आखडण्यात एक स्वर फार कामी येतो. ‘टीचर’च्या शेवटी, ‘अबाउट’च्या आरंभी तो ऐकू येतो. इंग्रजीत त्याला ‘श्वा’ म्हणतात. गंमत अशी की आपल्या ‘कमळ’ शब्दातला ‘अ’ त्याला अगदी जवळचा आहे. म्हणजे इंग्रजीच्या सर्वांत अधिक वापरातल्या स्वराचा जवळचा नातलग आपल्या तोंडी जन्मापासून आहे. मग जीभ जड कशी? ‘आय कॅन कम’ म्हणताना इंग्रज माणूस ‘कॅन’चे ‘कन्’ करून टाकतो आणि जोर ‘कम’वर देतो. आपण ‘कॅन’ ठासून म्हणतो. तो ‘कॅन’ ऐकून ‘मी येऊ शकतो’ की ‘मी येऊ शकत नाही’, असा ऐकणाऱ्याचा घोटाळा होऊ शकतो, कारण नकारार्थी शब्द ठासून म्हणायचा असतो.

तिसरा घटक म्हणजे वाक्यातला मुख्य आघात. माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा हाच आहे, आणि तो समजून घेण्याची किल्ली आपल्या मराठीतच आहे. आपण म्हणतो, ‘माझ्याच भावाने सायकल विकत घेतली.’ ‘माझ्या भावानेच सायकल विकत घेतली.’ ‘माझ्या भावाने सायकलच विकत घेतली.’ ‘माझ्या भावाने सायकल विकतच घेतली.’ एक ‘च’ इकडून तिकडे फिरतो आणि चार अर्थ होतात. इंग्रजीत ‘माय ब्रदर बॉट अ सायकल’ हे वाक्य चारही वेळा अक्षरशः तसेच राहू शकते. फक्त जोर कधी ‘माय’वर, कधी ‘ब्रदर’वर, कधी ‘सायकल’वर तर कधी ‘बॉट’वर पडतो. इंग्रजीचा ‘च’ आवाजात असतो. आपण सगळे शब्द सारख्या जोराने म्हणतो, तेव्हा ऐकणाऱ्याला प्रत्येक शब्दाला ‘च’ लावल्यासारखे वाटते. ‘माझ्याच भावानेच सायकलच विकतच घेतली’ असे मराठीत कुणी बोलले तर आपणही गोंधळूनच जाऊ.

हे मी घरी तपासून पाहिले. माझ्या आईला इंग्रजी येत नाही. तिच्यासमोर मी हेच इंग्रजी वाक्य तीनदा म्हटले आणि दरवेळी वेगळ्या शब्दावर जोर दिला. कोणता शब्द जोराने म्हटला ते सांग, असे तिला विचारले. दुसऱ्या वेळी ती म्हणाली, ‘आता मधातला शब्द दाबून बोलली तू.’ तिन्ही वेळा तिने बरोबर ओळखले. एका घरातल्या एका प्रयोगावरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे. पण एवढे मला पटले की कान आपल्याकडे आहे. त्याला काय ऐकायचे ते कुणी सांगितलेले नाही, इतकेच.

चौथा घटक सुरावट, म्हणजे वाक्यातला सुराचा चढउतार. त्याच्या जोडीला विराम येतो. या दोन्ही गोष्टी आपण रोज वापरतो. ‘बाबा आले.’ आणि ‘बाबा आले?’ या दोन वाक्यांत एकाही अक्षराचा फरक नाही. सूर खाली गेला तर बातमी होते आणि वर गेला तर प्रश्न होतो. ‘बाजारात जाताना’ आणि ‘बाजारात जाता ना?’ यांत अक्षरे तीच, पण विराम आणि सूर यांनी अर्थ पालटतो. इंग्रजीतही विधानाला साधारणतः उतरता सूर असतो आणि हो किंवा नाही असे उत्तर मागणाऱ्या प्रश्नाला चढता. आपला घोटाळा होतो तो ‘व्हॉट’, ‘व्हेअर’, ‘व्हाय’ यांनी सुरू होणाऱ्या प्रश्नांत. प्रश्न आहे म्हणून आपण सूर चढवतो, पण इंग्रजीत तेथे सूर बहुधा उतरतो. ‘इजन्ट इट?’ हे शेपूट चढत्या सुरात विचारले तर खरोखर विचारणे होते. उतरत्या सुरात म्हटले तर ‘हो ना!’ असा होकार मागणे होते. आपला ‘ना’ अगदी असाच वागतो.

सूर चुकल्याने केवढा अनर्थ होतो याचे एक प्रसिद्ध उदाहरण जॉन गंपर्झ या भाषाशास्त्रज्ञाने आपल्या १९८२ च्या ‘डिस्कोर्स स्ट्रॅटेजीज’ या पुस्तकात दिले आहे. ब्रिटनमधील एका मोठ्या विमानतळावर कर्मचाऱ्यांच्या उपाहारगृहात भारतीय आणि पाकिस्तानी स्त्रिया नव्याने कामाला लागल्या होत्या. त्या उद्धट आहेत अशी तक्रार होऊ लागली. त्या फार कमी बोलत. मांसाहारी पदार्थ घेणाऱ्याला वर रस्सा हवा का, एवढे विचारायचे आणि त्यासाठी ‘ग्रेव्ही’ हा एकच शब्द म्हणायचा. इंग्रज बाई तो चढत्या सुरात म्हणे. त्याचा अर्थ ‘ग्रेव्ही वाढू का?’ असा होई. या स्त्रिया तोच शब्द उतरत्या सुरात म्हणत. त्यांच्या भाषेच्या सवयीने तो नम्र प्रश्नच होता. इंग्रज कानाला मात्र तो ‘ही ग्रेव्ही आहे, घ्यायची तर घ्या’ असा ऐकू येई. स्त्रियांनाही आपला उगाचच दुस्वास होतो असे वाटत होते. दोन्ही बाजूंना ध्वनिमुद्रण ऐकवून चर्चा केल्यावर गैरसमजाचे मूळ उमगले. एका शब्दाच्या शेवटी सूर वर जायचा तो खाली गेला, आणि माणसांच्या स्वभावाबद्दल मते बनली.

याच गंपर्झ यांनी रॉबर्ट विल्सन यांच्यासह आपल्या सांगली जिल्ह्यातील कुपवाड या गावाचा अभ्यास केला होता. तो १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे मराठी, कन्नड, उर्दू बोलणारी घरे पिढ्यानपिढ्या शेजारी राहत आली. प्रत्येकाने आपापले शब्द जपले, पण वाक्याची घडण एकमेकांसारखी होत गेली. म्हणजे एका भाषेची सवय दुसऱ्या भाषेत उतरणे ही मनुष्यमात्राची सहज रीत आहे, कुणाचा नालायकपणा नव्हे. सुराची सवय तर फार खोलवर रुजलेली असते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६० नवजात बालकांचे रडणे तपासले गेले. फ्रेंच मातांच्या बालकांचे रडणे बहुधा चढत्या सुराचे आणि जर्मन मातांच्या बालकांचे उतरत्या सुराचे आढळले. पोटात असतानाच मूल आईच्या भाषेची चाल ऐकत असते. तेव्हा आमच्या झाडीपट्टीचा हेल आमच्या इंग्रजीत डोकावला, तर त्यात हसण्यासारखे काही नाही. तो आईकडून आलेला आहे.

मग आपण इंग्रजांची हुबेहूब नक्कल करावी काय? मला तसे वाटत नाही. याविषयी दोन अभ्यास लक्षात घेण्यासारखे आहेत. हैदराबाद येथे १९५८ मध्ये स्थापन झालेल्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश या संस्थेतील आर. के. बन्सल यांचा अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीयांचे इंग्रजी ब्रिटिश श्रोत्यांना सरासरीने सुमारे ७० टक्के कळते, असे त्यांना आढळले. न कळण्याच्या प्रमुख कारणांत चुकीच्या जागी पडणारा आघात आणि लय यांचा समावेश होता. पुढे २००० मध्ये जेनिफर जेंकिन्स यांनी वेगळा प्रश्न विचारला. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशी माणसे एकमेकांशी इंग्रजीत बोलतात, तेव्हा काय आवश्यक ठरते? त्यांच्या मते अक्षरे आखडून बोलण्याचा आग्रह तेथे नको. पण वाक्यातला मुख्य आघात योग्य शब्दावर पडणे आवश्यक आहे. आपल्याला उद्या नागपूर-पुण्याला मुलाखतीत किंवा फोनवर ज्यांच्याशी इंग्रजी बोलावे लागेल, त्यांतले बहुतेक आपल्यासारखेच असतील. म्हणून आपण आधी तो आवाजातला ‘च’ शिकावा, मग शब्दांतल्या आघाताच्या जागा शिकाव्यात, आणि बाकीचे सावकाश.

यासाठी खर्च काही लागत नाही. बहुतेक ब्रिटिश शब्दकोशांत शब्दाच्या उच्चारात एक लहानशी उभी रेघ वरच्या बाजूला दिलेली असते. तिच्या लगेच पुढचे अक्षर जोराचे असते. आपण अर्थ पाहून कोश मिटतो आणि ती रेघ तशीच राहते. डॅनियल जोन्स यांचा खास उच्चारांचा कोश १९१७ मध्ये निघाला, म्हणजे ही माहिती शंभर वर्षांहून अधिक काळ छापलेली आहे. नवा शब्द वहीत लिहिताना जोराच्या अक्षराखाली रेघ ओढावी. आकाशवाणीच्या इंग्रजी बातम्या ऐकताना अर्थाच्या मागे न लागता फक्त कोणत्या शब्दावर जोर पडतो ते मोजावे आणि तेथे बोटाने टिचकी मारावी. मोबाईलवर स्वतःचा आवाज मुद्रित करून पुन्हा ऐकावा. मैत्रिणीने एक वाक्य म्हणावे आणि दुसरीने त्यातला ‘च’ ओळखावा. आम्ही बसच्या प्रवासात हा खेळ खेळतो. वेळ बरा जातो.

आमच्या प्राध्यापक महोदयांनाही एक नम्र विनंती आहे. तोंडी वाचन घेताना विद्यार्थी अडखळला तर त्याचा ‘स’ आणि ‘श’ दुरुस्त करावा, तसेच त्या वाक्यातला मुख्य शब्द कोणता हेही विचारावे. पुष्कळदा त्याला अर्थ कळलेला असतो, तो आवाजात कसा ठेवायचा एवढेच माहीत नसते. वर्गात मागच्या बाकावर गप्प बसणारे कितीतरी जण गावी भजनात टाळ धरतात, दंडारीत नाचतात. त्यांचा ठोका चुकत नाही. ज्यांना एवढा ताल कळतो, त्यांना इंग्रजीचा ठेका कळणार नाही असे मानायला मी तयार नाही.